कडं राहतंच

सूड प्रकाशासारखा असावा. सरळ रेषेत जावा, वाटेत कुणाची विचारपूस करू नये, आणि आपण निघालोय हे समोरच्याला कळायच्या आत पोचावा. हे वाक्य मला दातांच्या डॉक्टरांच्या जिन्यात सुचलं आणि दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत फार आवडलं. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की प्रकाश नुसता सरळ रेषेत जात राहिला असता तर मी सव्वीस वर्षांपूर्वीच उपाशी मेलो असतो. मी दिव्यांची भिंगं आखतो. प्रकाश वाकतो, यावर आमचा संसार उभा आहे.

जिन्यात झालं ते एवढंसंच. दुपारचे अडीच वाजले होते, माझी खालची दाढ नुकतीच काढलेली, डावा गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा. जिना इमारतीच्या पोटातला, त्याला खिडकी नाही. दुसऱ्या मजल्यावर वीज गेली. मी कठडा धरून उभा राहिलो. बधिर गालामुळे अंधारही एकाच बाजूला जास्त असल्यासारखा वाटत होता. खालून रखवालदार चढून आला. ‘थांबा साहेब, उजेड दाखवतो,’ म्हणाला आणि हातातली बॅटरी त्यानं भिंतीवर मारली. मधे पांढरा गोल पडला. गोलाभोवती अंधाराचा पट्टा. आणि त्या पट्ट्यापलीकडे एक बारीक, निळसर, केसाएवढं कडं. गर्दीत पाठमोऱ्या माणसाच्या नुसत्या चालीवरून आपला चुलतभाऊ ओळखावा, तसं मी ते ओळखलं. ते कडं माझं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मीच ते जन्माला घातलं होतं, आणि चुलतभावाच्या बाबतीत वाटतं तसंच पहिल्यांदा वाटलं, की याची आपली नजरानजर न होवो. ‘कुठे घेतलीत?’ असं मी विचारलं, म्हणजे विचारायला गेलो. बोळ्यातून ‘उफे फेफ्ली’ असं काहीतरी आलं. रखवालदार म्हणाला, ‘दुखतंय का फार?’ मी त्याच्या हातातली बॅटरी घेतली, उलटी केली आणि त्याच्याच मोबाईलच्या उजेडात तळाचं नाव वाचलं. खरं तर वाचायची गरज नव्हती. ते माझ्या बायकोच्या माहेरचं आडनाव आहे.

माझ्या मेहुण्याला घरात छोटू म्हणतात. छोटू सत्तेचाळीस वर्षांचा आहे, त्याचं पोट सुटलंय, आणि त्याची बॅटऱ्यांची स्वतःची कंपनी आहे. त्याला आमच्या कारखान्यात मीच आणला, माझ्या टेबलाशेजारी दुसरं टेबल टाकून बसवला, आणि सात वर्षांनी तो ते टेबल तसंच ठेवून निघून गेला. तो फक्त खोकी आणि बटणं बनवतो, भिंगं बाहेरून तयार आणतो, असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणारी माझी बायको. तिला सांगणारा छोटू. घरात भांडण नको म्हणून माणसं एकमेकांना जे सांगतात त्यातलं हे एक असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण घरात भांडण मलाही नको होतं.

कड्याची हकिकत अशी. आमचं ते भिंग म्हणजे प्लॅस्टिकची घट्ट भरीव वाटी असते. तळाशी एलईडीचा ठिपका. समोर निघालेला प्रकाश मधला फुगवटा पकडतो आणि पुढे ढकलतो. आजूबाजूला पळालेला प्रकाश वाटीच्या भिंतींवर आपटून पुन्हा पुढे येतो. फुगवटा आणि भिंत जिथे भेटतात तो सांधा नेमका हवा. तो चुकला की सांध्यातून थोडा प्रकाश निसटतो आणि भलत्याच कोनात बाहेर पडून मुख्य झोताभोवती कडं धरतो. त्या सांध्याची खोली मी डोळ्यांच्या दवाखान्यात काढली. आत वडिलांचा मोतीबिंदू निघत होता, बाहेर मी गुडघ्यावर कागद घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक बाई झोपलेल्या मुलीच्या केसांतून बोटं फिरवत होती. दार उघडलं, नर्सनं वडिलांचं नाव घेतलं, आणि तीन पूर्णांक आठच्या जागी मी तीन पूर्णांक तीन लिहिलं. वडिलांना उत्तम दिसायला लागलं. चूक मात्र पोलादात कोरली गेली, कारण साचा कापून झाला होता, आणि पोलादावर खोडरबर चालत नाही. पहिलं भिंग साच्यातून निघालं, दिव्यावर बसवलं, भिंतीवर कडं उमटलं. सगळे जमले होते. मालक म्हणाले, ‘हे काय?’ मी क्षणभरही न थांबता, डॉक्टर ज्या आवाजात ‘वयोमानानं होतं असं’ म्हणतात त्या आवाजात म्हणालो, ‘कडं राहतंच.’ मालकांनी मान हलवली. माझ्या उजव्या हाताला छोटू उभा होता, अठ्ठावीस वर्षांचा, तपकिरी पुठ्ठ्याची वही घेऊन. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पेनचा आवाज मी ऐकला.

येताना दुकानातून तसलीच बॅटरी विकत घेतली. घरी स्वयंपाकघराचा पडदा ओढून भिंतीवर मारली आणि बायकोला म्हणालो, ‘बघ.’ बायको भांडी विसळत होती. तिनं मान वळवून बघितलं.

‘पोपडा आलाय. रंगवायला झालीय भिंत. दाढेची गोळी किती वेळा घ्यायची सांगितलीय?’

‘पोपडा नाही. कडं बघ, कडं.’

‘बघितलं.’

‘ते माझं आहे.’

‘कडं?’

‘चूक. ती माझी चूक आहे.’

‘बरं मग,’ ती हात पुसत म्हणाली, ‘कुणी वापरतंय तर वापरू दे की. तुमच्याकडे अजून आहेत.’

अठ्ठावीस वर्षांच्या सहवासातून येणारी ही अचूकता कुठल्याही भिंगाला जमणार नाही. मी तळाचं नाव दाखवलं. तिनं ते वाचलं, बॅटरी बंद केली, पडदा सरकवला. मग नळाखाली एकच पेला धूत राहिली. ‘त्याला विचारलंत का?’ तिनं शेवटी विचारलं. मी म्हणालो, चोराला विचारत नाहीत. ‘चोर काय म्हणता,’ ती म्हणाली, ‘तुमच्याच पायाशी बसून शिकला तो. आणि तुम्ही त्याला आठ दिवस तो जळका दिवा डब्याशेजारी ठेवायला लावलात, तेव्हा मी काही बोलले होते? घरी येऊन जेवायचा नाही तो. आई विचारायची, कारखान्यात काही झालं का रे. नाही म्हणायचा.’ हे ती पहिल्यांदाच बोलत होती. एकोणीस वर्षांहून जुनी गोष्ट तिनं एवढा वेळ कुठल्या कपाटात ठेवली होती कोण जाणे. मी म्हणालो, ‘ती शिस्त होती.’ माझी भूल उतरत होती आणि दाढेच्या जागी ठणका सुरू झाला होता.

शिस्त होतीच. आमच्या कामात एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो : दिवसा दिव्यावर झाकण. प्रकाश ज्या वाटेनं बाहेर जातो, त्याच वाटेनं आत येतो. भिंग एलईडीचा ठिपका दूर फेकतं, तसंच ते सूर्याला जवळ ओढून त्याच ठिपक्यावर आणून बसवतं. भिंग कुठल्या बाजूनं वापरायचं हे सूर्याला शिकवलेलं नसतं. लहानपणी आपण सगळेच कागद जाळतो तसं. फक्त इथे कागदाच्या जागी आपलंच काम असतं. छोटूनं पहिल्याच आठवड्यात एक दिवा खिडकीत उघडा ठेवला. धूर निघाला, पिवळा ठिपका कोळशासारखा झाला. मी तो जळका दिवा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, आठ दिवस हा इथून हलता कामा नये. जेवताना समोर असू दे. सगळे हसले. मीही हसलो. मेहुण्याला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, हा माझा विचार होता. आणि मेहुण्यावर हसायला मिळतंय हा विचार नव्हता, तो नुसताच आनंद होता. छोटू तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. त्याचे कान मोठे आहेत, उन्हात त्यांच्यातून आरपार उजेड दिसतो.

दाढ काढल्यानंतर पंधरा दिवसांत मालकांनी मला बोलावलं. नदीवर काम करणाऱ्या बचाव दलाला होड्यांसाठी दिवे हवे होते. शोधायचे दिवे, लांब पोचणारे. तीन कंपन्या नमुने दाखवणार होत्या, त्यांतली एक आमची आणि एक छोटूची. मालक चांगले गृहस्थ आहेत, वाईट बातमी देताना समोरच्याला आधी चहा पाजतात. त्यांनी दुसरा कप मागवला तेव्हाच मी सावध झालो. म्हणाले, ‘हे काम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर भिंगखोली बंद करू म्हणतो. ती जागा पॅकिंगला होईल. भिंगं काय, आजकाल बाहेरून मिळतात.’ मी विचारलं, कुणाकडून. ‘तुमच्या मेहुण्याकडूनच घेऊ की,’ ते मनापासून म्हणाले, ‘घरचाच माणूस आहे.’ म्हणजे माझीच चूक माझ्याच कारखान्यात खोक्यांतून येणार, मोजून, आणि मी पॅकिंगमध्ये बसून तिच्यावर चिकटपट्टी लावणार. चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. तोंडात दाढेची जागा होती तिथे जिभेला एक मऊ, खारट खड्डा लागत होता, आणि जीभ सारखी तिथेच जात होती.

सूड ही गोष्ट एरवी माणसाला कशी मोकळी, पसरट मिळते : शाप द्या, निनावी पत्र लिहा, लग्नाला जाऊ नका. मला मिळाली ती तांत्रिक तपशिलासकट. छोटूचा दिवा कडं टाकणार. मी असा दिवा करणार की ज्याला कडं नाही, ज्याच्या झोताबाहेर केसभरही उजेड नाही. आणि समितीसमोर, छोटू उभा असताना, एकच वाक्य बोलणार : ‘कडं राहत नाही. कडं राहतं ते चुकणाऱ्याचं.’ हे वाक्य मी दाढी करताना बोलून बघितलं, बसची वाट बघताना बोलून बघितलं. त्यात एक अडचण होती, आणि ती मला तिसऱ्या दिवशी दिसली. कडं ही चूक म्हणावं तर चूक कुणाची, हे कुणीतरी विचारणार. मग मी वाक्य बदललं. ‘काही लोकांना उगीचच वाटतं, की कडं राहतंच.’ हे बरं होतं. या काही लोकांत मी धरलेला नव्हतो.

लोकांना वाटतं, लांब फेकायचं तर प्रकाश भरपूर हवा. तसं नसतं. भिंग प्रकाश वाढवत नाही. ते एकीकडचा काढून दुसरीकडे टाकतं, सरकारसारखं. झोत घट्ट हवा तर उगम लहान हवा आणि भिंग मोठं हवं, बस्स. मी दीड मिलिमीटरपेक्षा लहान एलईडी निवडला, मोहरीला चार कोपरे काढावेत एवढा. त्याच्यापासून नव्वद मिलिमीटरवर शंभर मिलिमीटर रुंदीचं काचेचं भिंग. प्लॅस्टिकची वाटी नाही, भिंती नाहीत, सांधाच नाही. सांधा नाही तर कडं कुठून येईल? बाजूला पळणाऱ्या प्रकाशाचं काय करायचं, तर काही नाही. त्याला काळ्या नळीत मारायचं. नळीला आतून असा काळा रंग दिला, की बोट घातलं तर बोट नाहीसं झाल्यासारखं वाटावं. हिशेब केला : चार भागांतले तीन भाग प्रकाश नळीत मरत होता. उरलेला चौथा भाग मात्र सुईसारखा जाणार होता. मालकांना हे दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ‘तीन भाग फुकट? मग खोक्यावर मी काय लिहू?’ मी म्हणालो, लिहा की लांब जातो. ‘कुठे?’ ते म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते खोक्यावर लिहिण्यासारखं नव्हतं.

त्या दीड महिन्यात मी कधी नव्हे इतकं चांगलं काम केलं, हे सांगायला मला लाज वाटते. प्रेमानं माणूस कामात ढिला होतो. थोडं इकडेतिकडे चालवून घेतो. द्वेषाला मायक्रोमीटर लागतो. भिंगाच्या पाठीचा बाक मी अकरा वेळा बदलला. कागदावरून किरण सोडायचे, एकेक, कडेचे, मधले, आणि प्रत्येक किरण जिथे पोचायचा तिथे छोटूचा चेहरा ठेवायचा. गंमत म्हणजे तिथे चेहरा स्पष्ट कधी आला नाही. यायचे ते कान. किंवा माझ्या बायकोनं त्याला आणलेला निळा चौकड्यांचा शर्ट. एकदा तर, मी कडेचा किरण नेमका बसवला आणि मान वर केली, तर त्या जागी एक तपकिरी पुठ्ठ्याची वही होती. ती वही आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली. छोटू जेवून हात धुऊन आलाय, माझे त्या भिंगाचे आकडे समोर आहेत, सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘भाऊजी, उतरवून घेऊ का? सरावाला.’ आणि मी पेपर वाचतोय. पेपर न हलवता मी म्हणतोय, ‘घे की. त्यात काय सोनं आहे?’ मी हे चित्र पुन्हापुन्हा पुसलं. मी ‘घे’ म्हणालो असेन. पण घे म्हणजे वहीत घे, कारखान्यात घे असं नव्हे, हे कुणालाही समजतं. पेपरात त्या दिवशी काय होतं ते मला आठवत नाही, आणि ‘घे की’ मात्र आवाजासकट आठवतं. नको ते कडेला फेकायची नळी डोक्याला बसवता येत नाही, एवढीच तक्रार.

भिंग घासायला आमच्याकडे एक काका आहेत. चाळीस वर्षं गुलाबी पावडरीच्या पाण्यात हात असल्यानं त्यांची नखं कायम गुलाबी असतात, आणि ते भिंगाकडे न बघता तळव्यानंच ओळखतात, किती राहिलंय ते. मी चौथ्यांदा परत पाठवलं तेव्हा ते म्हणाले, ‘एवढं कुणासाठी घासायचं चाललंय?’ मी म्हणालो, बचाव दलासाठी. बुडणाऱ्यांना शोधायला. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. ‘तोंडावरून वाटत नाही,’ म्हणाले आणि पुन्हा चाकावर बसले. दोन भिंगं तयार झाली. बसवताना एकाच्या काठाचा टवका उडाला. त्यामुळे दिवा एकच झाला.

तो पहिल्यांदा लावला तो आमच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत, दारं लावून. टोकाच्या भिंतीवर चौकोन पडला. गोल नव्हे, चौकोन. एलईडीचंच चित्र, मोठं होऊन, चारही कोपऱ्यांसकट, एका काठाला त्याच्या केसासारख्या तारांची सावलीसुद्धा. चौकोनाच्या रेषेपलीकडे काळोख. मी पुढे होऊन त्या रेषेवर हात धरला : चार बोटं पांढरीफटक आणि अंगठा नाही. इतकं स्वच्छ मी काही केलं नव्हतं. मला वडिलांची आठवण झाली. पट्टी काढल्यावर ते दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या विटा मोजायला लागले होते आणि मधेच म्हणाले होते, ‘अरे, तू किती थकलेला दिसतोस.’ मग मला माझं वाक्य आठवलं, आणि मी ते रिकाम्या गोदामात, भिंतीकडे तोंड करून, नीट, सावकाश म्हटलं. बरं वाटलं. झाकण लावून दिवा पिशवीत ठेवला.

चाचणी एका जुन्या, बंद पडलेल्या बोगद्यात होती, शहराच्या कडेला. आत अडीचशे मीटरवर एक तांबडी बादली टांगली होती; ज्याच्या दिव्यानं बादली उत्तम दिसेल त्याचं काम. वेळ सकाळी साडेदहाची. मालक आले नाहीत, त्यांना अंधाराचा त्रास होतो. बोगद्याच्या तोंडाशी एक लांब बाक होता, त्यावर झकास ऊन पडलं होतं. तिसरी कंपनी आलीच नव्हती. बाकावर छोटू एकटा बसला होता, निळ्या चौकड्यांच्या शर्टात. मला पाहून उठला. तो मला पाहून नेहमी उठतो. वीस वर्षांत ती सवय त्याच्या पोटालाही अडवता आलेली नाही.

‘भाऊजी! तुम्ही स्वतः आलात? मला वाटलं कुणाला तरी पाठवतील. दाढ कशी आहे? ताई म्हणाली.’

‘काढली.’

‘बरं झालं. ठेवून त्रासच.’ त्यानं पिशवीकडे पाहिलं. मग, दुकानाच्या काचेला नाक लावल्यासारखा खाली वाकून : ‘काचेचं केलंत? बघू ना. नुसतं बघतो.’

दाखवायला नको होतं. पण एखाद्याला मारायला केलेली तलवार त्यानंच आधी वाखाणावी, या मोहाला मी बळी पडलो. दिवा बाहेर काढला, बाकावर पिशवीला टेकवून तिरका उभा केला, झाकण फिरवून काढलं. छोटूनं भिंगात पाहिलं. त्यात त्याचा डोळा गाईच्या डोळ्याएवढा दिसत होता. ‘काय घासलंय,’ तो हळूच म्हणाला, ‘काकांनी ना? तुमचं असलं काम बघून किती वर्षं झाली, भाऊजी.’ त्याचे कान उन्हात लाल दिसत होते, आणि मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता, एवढं नक्की, आणि राग नाही म्हणून मला त्याचा फारच राग आला. तेवढ्यात आतून हाक आली, पहिला नमुना घेऊन या. छोटू गेला. मीही त्याच्या पाठोपाठ गेलो. कडं उमटताना मला त्याचं तोंड बघायचं होतं. दीड महिना मी त्यासाठीच घासत होतो.

आत ओल आणि जुन्या धुराचा वास. समितीचे चौघं, डोक्यावर शिरस्त्राणं, आणि त्यांच्या प्रमुख बाई, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. छोटूनं दिवा लावला. दूर बादली दिसली, फार छान नव्हे, पण दिसली. आणि आमच्यापुढे दहाबारा पावलांवर, बोगद्याच्या भिंती, छत आणि खालची खडी यांवरून फिरलेलं ते निळसर कडं. वर्तुळ पूर्ण होतं. इतक्या मोठ्या आकारात मी ते कधी पाहिलं नव्हतं. समितीला नमुने समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. घडीच्या मुठीचे, बिनघडीचे, पाण्यात बुडवून, दिवा हातात, दिवा खांद्यावर. अर्धा तास तरी झाला असेल. मी भिंतीला टेकून वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर सुखात होतो. शेवटी बाईंनी विचारलं, ‘हे भोवती कडं कसलं?’

‘कडं राहतंच, मॅडम,’ छोटू म्हणाला.

अगदी माझाच आवाज. ‘वयोमानानं होतं असं’ वाला. तो मला टोमणा मारत नव्हता, चोरी लपवत नव्हता, काही नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तसं तो ते सांगत होता. एकोणीस वर्षं त्यानं ते कडं काढायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता, कारण जे राहतंच ते काढायला कोण जाईल?

‘आम्हाला चालेल तसं,’ बाई म्हणाल्या, ‘पायाखालचंही दिसतंय थोडं. होडीत बरं पडेल. मी आपलं विचारलं.’

‘माझ्या मनाचं नाही सांगत, मॅडम. मला ज्यांनी शिकवलं ते इथेच आहेत. माझे भाऊजी. या धंद्यात त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही. त्यांनाच विचारा.’ आणि तो मागे वळला, अभिमानानं, शाळेच्या कार्यक्रमात मुलगा आपल्या बापाकडे बोट दाखवतो तसा. चार शिरस्त्राणं माझ्याकडे वळली. बाई म्हणाल्या, ‘राहतं का हो?’

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं, दाढेच्या खड्ड्याशेजारीच. पण नुसतं बोलून काय उपयोग. आधी चौकोन दाखवायचा आणि मग बोलायचं, असं ठरलेलं होतं. ‘दोन मिनिटं द्या,’ मी म्हणालो, ‘दाखवतोच.’ आणि उजेडाच्या दिशेनं चालायला लागलो.

वास बाहेर पडायच्या आधीच आला. साखर करपल्याचा, त्यात थोडं रबर. बाकावर दिवा होता तसाच होता, पिशवीला टेकून, आभाळाकडे तोंड करून, सूर्यफुलासारखा. भिंगाला आतून धुराचं तपकिरी पुट चढलं होतं. त्यातून, मोठा होऊन, एलईडी दिसत होता : पिवळ्या चौकोनाच्या मधोमध काळं भोक, आणि भोकापासून एका बाजूला जळत गेलेली बारीक रेघ, गोगलगाय चालून गेल्यासारखी. सूर्याचा ठिपका आता काळ्या नळीच्या काठावर पोचला होता आणि तिथला रंग सावकाश फुगवत होता. मी बटण दाबलं. दोनदा दाबलं. माणूस अशा वेळी दुसऱ्यांदा का दाबतो, कोण जाणे.

मागे खडीवर पावलं वाजली. छोटू. तो माझ्या शेजारी येऊन थांबला, आणि त्यानं वास घेतला. तो हसेल म्हणून मी वाट पाहिली. आठ दिवस हसायचा त्याला हक्क होता, मी तक्रार केली नसती. तो हसला नाही. वाकला, दिव्याला स्वतःची सावली केली, आणि फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, ‘भाऊजी... झाकण?’

आतून बाईंचा आवाज आला, ‘अहो, काय झालं? राहतं का मग कडं?’

‘राहतंच,’ मी म्हणालो. बोगद्यानं ते आतल्या आत दोनतीनदा म्हटलं.

झाकण माझ्या खिशात होतं.